पीकविम्याचा फेरफार

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या सोयाबीन उत्पादकाच्या २०२४ आणि २०२५ या दोन खरिपांच्या पीकविमा पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर पहिल्या नजरेत एकच मोठा फरक जाणवतो, तो हप्त्याचा. आधीच्या पावतीवर शेतकऱ्याचा हिस्सा १ रुपया आहे, नंतरच्या पावतीवर विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के. नाव तेच, गट नंबर तोच, पीक तेच, योजनाही तीच, पंतप्रधान पीक विमा योजना. यापेक्षा मोठा फरक संरक्षणातला आहे, आणि तो पावतीवर दिसत नाही. २०२४ मध्ये शेतात पाणी साचून पीक सडले, तर ७२ तासांच्या आत कळवून त्या एका शेतापुरती भरपाई मागता येत होती. सोयाबीन कापून रानात पसरले असताना अवकाळीने भिजले, तरी मागता येत होती. पावसाने महिनाभर ओढ दिली, तर हंगाम संपण्याआधीच २५ टक्क्यांपर्यंत अग्रिम मिळण्याची सोय होती. मे २०२५ मधील शासन निर्णयाने या सगळ्या तरतुदी काढून टाकल्या आणि पीक कापणी प्रयोगांवरून ठरणाऱ्या उत्पादनापुरताच विमा शिल्लक ठेवला. शेतकऱ्याचा हप्ता वाढला आणि त्याच वेळी संरक्षण आकसले. हे बदल शासन निर्णयात होते, वर्तमानपत्रांतही आले. ज्याच्या नावावर विमा उतरला होता त्याच्या हातातल्या कागदावर मात्र ते उतरले नाहीत.

विमा व्यवसायात मूळ करारात बदल करणाऱ्या कागदाला एन्डॉर्समेंट म्हणतात. मराठीत त्यासाठी पृष्ठांकन हा शब्द रूढ आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘पाठ’ आहे, कारण असा बदल पूर्वी दस्ताच्या मागच्या बाजूला लिहून त्यावर सही-शिक्का होत असे. आता वेगळा कागद जोडतात, पण नियम जुनाच आहे: छापील अट आणि जोडलेला कागद यांत विसंगती आली, तर जोडलेला कागद चालतो. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर वारसदाराचे नाव नंतर घालायचे किंवा बदलायचे, तर १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार त्याची नोंद पॉलिसीवर व्हावी लागते. ट्रॅक्टर कर्जावर घेतला असेल, तर बँकेचा बोजा अशाच जोडपत्राने चढतो आणि कर्ज फिटल्यावर तसाच उतरतो. २००२ च्या मोटार टॅरिफने या जोडपत्रांना क्रमांक दिले आणि ते आजही एजंटांच्या तोंडी आहेत. आयएमटी ७ म्हणजे कर्जतारण, आयएमटी २३ म्हणजे दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट आणि नुकसान झालेल्या भागाचा रंग, आयएमटी २८ म्हणजे पगारी चालकाबद्दलची मालकाची जबाबदारी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बीडमधून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मालकांना हे क्रमांक परके नाहीत. ट्रॉलीतून जाणाऱ्या मजुरांना अपघात झाला की न्यायालयात पहिला प्रश्न हाच निघतो, की या जोखमीसाठी जादा हप्ता भरला होता का आणि तसा कागद पॉलिसीला जोडला होता का.

या सगळ्या उदाहरणांत तीन गोष्टी गृहीत असतात. बदल लेखी असतो, बदलामुळे हप्ता किती वाढला वा घटला याचा हिशेब दिलेला असतो आणि तो बदल दोन्ही पक्षांना माहीत असतो. यातली तिसरी गोष्ट नसेल, तर त्या कागदाला एन्डॉर्समेंट म्हणता येणार नाही. तो एका पक्षाने दुसऱ्याच्या माघारी केलेला बदल ठरतो. या लेखाचे म्हणणे असे आहे, की गेल्या सहा-सात वर्षांत बीडच्या शेतकऱ्याच्या पीकविम्यात वारंवार मूलभूत बदल झाले, त्यांतल्या एका बदलाने तर या जिल्ह्याचे नाव देशभर पोचवले. पण पहिल्या दोन अटी कमीअधिक पाळल्या जात असताना तिसरी सतत सुटत गेली. पीकविम्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात जो अविश्वास साचला आहे, त्याचे एक मोठे कारण भरपाईची रक्कम नसून हे आहे.

यासाठी परदेशातून आदर्श आणण्याची गरज नाही. बदल कसा नोंदवावा हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण त्याची जमीन त्याच पद्धतीने बदलत आली आहे. खरेदीखत होवो, वाटणी होवो की वारस लागो, सातबारावरचे नाव आपोआप बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १५० व्या कलमानुसार हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, हरकत आली तर सुनावणी होते आणि मगच नोंद प्रमाणित होते. या व्यवस्थेत उशीर आहे, चिरीमिरी आहे, भांडणे आहेत. पण तिच्यामागचे तत्त्व कोणी नाकारत नाही: ज्याच्या हक्कात बदल होतो आहे त्याला तो बदल होण्याआधी कळला पाहिजे. दहा गुंठ्यांचा फेरफार नोटिशीशिवाय होऊ शकत नाही, आणि जिल्ह्यातल्या लाखो हेक्टरांवरच्या पिकाचे संरक्षण एका शासन निर्णयाने बदलते, तरी त्याच्या नोटिशीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

मूळ पॉलिसीत काय असते हे आधी नीट पाहिले पाहिजे. भारतात पीकविम्याचा पहिला प्रयोग १९७२ च्या सुमारास गुजरातमध्ये एच-४ कापसावर झाला. तो एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर आधारलेला होता. पुढे तो महाराष्ट्रासह काही राज्यांत गेला आणि १९७८ पर्यंत चालला. जेमतेम ३,११० शेतकरी त्यात आले, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख रुपये. प्रत्येक शेताचे नुकसान मोजणे महाग असते, आणि ज्याला नुकसानीची खात्री आहे तोच विमा घेतो, हे दोन धडे त्यातून मिळाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये यावर उपाय सुचवला. शेत सोडा, परिसर धरा. एकसारखी जमीन आणि हवामान असलेल्या परिसराचे सरासरी उत्पादन मोजा, ते नेहमीपेक्षा घटले तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना, या सगळ्यांचा पाया दांडेकरांच्या त्या कल्पनेवर उभा आहे.

महाराष्ट्रात हा परिसर म्हणजे महसूल मंडळ. गेल्या ७ वर्षांतल्या सर्वांत चांगल्या ५ वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढायची, तिला जोखीम स्तराने गुणायचे, राज्यात तो ७० टक्के धरला जातो, की उंबरठा उत्पादन मिळते. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनची अशी सरासरी हेक्टरी १,००० किलो आहे. उंबरठा झाला ७०० किलो. पीक कापणी प्रयोगात प्रत्यक्ष उत्पादन ४९० किलो आले, तर तूट ३० टक्क्यांची. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असेल, तर मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी १५,००० रुपये. पण उत्पादन ७५० किलो आले, म्हणजे नेहमीपेक्षा चौथा हिस्सा गेला, तर एक रुपयाही मिळत नाही. आणि मंडळाचे उत्पादन ७५० किलो असताना एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात ५० किलोही आले नसेल, तरी त्यालाही काही मिळत नाही.

बीडमध्ये हे शेवटचे उदाहरण अपवादाचे नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत काळी, खोल जमीन आहे. मधून बालाघाटाची रांग जाते आणि पाटोदा, आष्टी, धारूरच्या बाजूला उथळ, मुरमाड रान लागते. सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका या नद्या याच डोंगरातून उतरतात. एकाच मंडळात नदीकाठचे शेत आणि माळावरचे शेत असू शकते. पाऊस कमी पडला तर माळ आधी करपतो, जास्त पडला तर काठ आधी बुडतो. दोघांची सरासरी काढली, की एकाचे नुकसान दुसऱ्याच्या पिकाखाली झाकले जाते. परिसर एकसारखा असावा ही दांडेकरांची अट होती. मंडळाची हद्द मात्र महसुलाच्या सोयीने आखलेली आहे, पिकाच्या सोयीने नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ च्या योजनेत मूळ संरक्षणाला पुरवण्या जोडल्या गेल्या. गावाकडे त्यांना ‘ट्रिगर’ म्हणतात. अधिसूचित क्षेत्राच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागात पेरणीच झाली नाही, तर विमा रकमेच्या २५ टक्के देऊन पॉलिसी तिथेच संपते. हंगामाच्या मध्यात उत्पादन निम्म्याहून खाली जाईल असा अंदाज निघाला, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत अग्रिम. गारपीट, भूस्खलन, पाणी साचणे, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली आग यांत वैयक्तिक पंचनामा. कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत रानात सुकत पडलेल्या पिकाला अवकाळी पावसाने नुकसान झाले, तरी वैयक्तिक पंचनामा. नीट पाहिले तर ही चार जोडपत्रेच आहेत. मूळ पॉलिसी परिसराला विमा देते. यांतली दोन जोडपत्रे थेट शेतकऱ्याच्या शेतापर्यंत येतात आणि उरलेली दोन पैसे वेळेवर पोचवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने योजना सुधारली, तेव्हा ही गोष्ट उघडपणे मान्य झाली. उत्पादनावर आधारित संरक्षण सक्तीचे राहिले आणि पुरवण्यांपैकी कोणत्या ठेवायच्या हे राज्यांवर सोपवले गेले. कर्जदार शेतकऱ्यांची सक्तीही त्याच वेळी गेली. केंद्राने आपल्या अनुदानालाही मर्यादा घातली: कोरडवाहू क्षेत्रात ३० टक्क्यांपर्यंत आणि बागायतीत २५ टक्क्यांपर्यंतच्या हप्ता दराचा वाटा केंद्र उचलेल, त्यापुढचे ओझे राज्याचे. बीडसारख्या, कधी दुष्काळ तर कधी अतिवृष्टी झेलणाऱ्या जिल्ह्यात हप्त्याचे दर किती चढतात हे लक्षात घेतले, तर या एका ओळीचे वजन कळते.

बीडचे नाव देशभर गेले ते इथून. सतत मोठी भरपाई द्यावी लागत असल्याने या जिल्ह्यात यायला विमा कंपन्या तयार नव्हत्या. २०२० च्या खरिपासाठी निविदा काढूनही प्रतिसाद आला नाही. विमा कंपनीच नसेल तर विमा कुठला? तेव्हा राज्याच्या कृषी विभागाने या एका जिल्ह्यापुरती अटींत दुरुस्ती केली आणि भारतीय कृषी विमा कंपनीने ती स्वीकारली. कंपनीची जबाबदारी जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतच राहील. त्यावर भरपाई गेली तर वरची रक्कम राज्य देईल. भरपाई कमी लागली, तर कंपनी हप्त्याच्या २० टक्के रक्कम खर्च आणि नफ्यापोटी ठेवेल, उरलेले पैसे राज्याला परत करेल. १०० कोटी हप्ता जमला आणि ३० कोटी भरपाई लागली, तर कंपनीकडे २० कोटी राहतील आणि ५० कोटी सरकारकडे परत येतील. १५० कोटी लागली, तर कंपनी ११० कोटी देईल आणि सरकार ४०. हाच बीड पॅटर्न. ८ जून २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पंतप्रधानांना भेटले, तेव्हा हा पॅटर्न राज्यभर लागू करू द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. २०२२ च्या खरिपापासून तो ८०-११० या नावाने महाराष्ट्रभर आला.

ही दुरुस्ती हुशारीची होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. चांगल्या हंगामात कंपन्यांच्या तिजोरीत जाणारा सार्वजनिक पैसा तिने परत आणला आणि ज्या जिल्ह्याकडे कोणी फिरकत नव्हते तिथे विमा उभा केला. पण ती कोणत्या करारातली दुरुस्ती होती? कंपनी आणि राज्य सरकार यांच्यातल्या. शेतकरी आणि कंपनी यांच्यातल्या करारातला एक शब्दही तिने बदलला नाही. उंबरठा तोच राहिला, जोखीम स्तर तोच, मंडळ तेच. जिल्ह्याचे नाव लागल्यामुळे मात्र अनेकांचा समज झाला, की बीड पॅटर्न म्हणजे बीडच्या शेतकऱ्याला जास्त भरपाई. पहिल्याच हंगामात जमा हप्त्याच्या तुलनेत भरपाई अगदी थोडी झाली, तेव्हा नाराजी उसळली. फसवणुकीचा शब्द वापरला गेला. त्या वर्षी फसवणूक झाली नव्हती. दोन पक्षांनी आपसात केलेला बदल तिसऱ्याने आपला समजला, कारण तो कोणाचा आहे हे त्याला कोणी लिहून दिले नव्हते.

पुरवण्यांची किंमत किती असते, हे त्याच काळात शेजारी दिसले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने मोठे नुकसान झाले, पण फार थोड्या शेतकऱ्यांनी ते ७२ तासांच्या आत कळवले होते. कळवले नाही म्हणून बाकीच्यांची भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पूर आलेला, रस्ते बंद, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी ७२ तासांची मोजणी घड्याळावर करायची का, हा त्यातला गाभ्याचा प्रश्न होता. पुढे २०२३ च्या खरिपात पावसाने लांब ओढ दिली, तेव्हा राज्यात जिल्हा पातळीवर अग्रिमाच्या अधिसूचना निघाल्या आणि कंपन्यांनी अनेक ठिकाणी हरकती घेतल्या. भांडण पुरवण्यांवरच होत होते, मूळ पॉलिसीवर नाही, कारण शेतकऱ्याला उपयोगी पडणारा भाग पुरवण्यांतच होता.

२०२३ हे एक रुपयाचेही वर्ष. शेतकऱ्याच्या हिश्शाचा हप्ता राज्य भरेल, शेतकऱ्याने फक्त १ रुपया द्यावा, असे ठरले. राज्यातले खरिपाचे अर्ज सुमारे ९६ लाखांवरून सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. वाढीतला काही भाग खरा होता. पूर्वी हप्त्याअभावी बाहेर राहिलेले अल्पभूधारक आत आले. काही भाग मात्र खोटा होता. पीकच नाही अशा जमिनीवर, सरकारी आणि देवस्थानच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबारावर विमे उतरवले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीडमधल्या अशा प्रकारांचा विषय लावून धरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी राज्यात सुमारे ४ लाख बोगस अर्ज आढळल्याचे आणि ९६ सामाईक सेवा केंद्रांवर कारवाई झाल्याचे सांगितले. काही महिन्यांतच एक रुपयाची सोय गेली आणि तिच्याबरोबर चारही पुरवण्या गेल्या.

मग आला सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा आणि गोदावरीचे काठ बुडाले, आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, कापसाची बोंडे झाडावर सडली, कित्येक ठिकाणी मातीच खरडून गेली. ज्यांनी २ टक्के हप्ता भरला होता, त्यांना सवयीने पहिली आठवण ७२ तासांची झाली असेल तर नवल नाही. पण त्या वर्षी ७२ तास हा प्रश्नच उरला नव्हता. शेतकऱ्याने घेतलेल्या विम्याचा सगळा भार आता पीक कापणी प्रयोगावर होता आणि त्याचे आकडे अंतिम व्हायला महिने लागतात. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० आणि हंगामी बागायतीला २७,००० रुपये अशी मदत ठरली. ही मदत आवश्यकच होती. पण मदत आणि विमा यांत फरक आहे. मदत सरकार ठरवते, विमा करारात ठरलेला असतो. करारातले हक्क काढून घेतल्यावर त्यांची जागा मदतीने भरायची, तर शेतकरी विमाधारक राहत नाही, पुन्हा अर्जदार होतो.

या मांडणीवर काही गंभीर हरकती आहेत. पहिली हरकत अशी, की पीकविमा हा मोटार विम्यासारखा खासगी करार नाहीच. हप्त्याचा बहुतेक भाग केंद्र आणि राज्य भरतात, मग अटी ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. अटी ठरवण्याचा अधिकार मान्य आहे, पण कळवण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. शेतकरी हप्ता भरतो, जोखीम त्याची आहे, अर्जावर सही त्याची आहे. करारात मोबदला लहान म्हणून हक्क लहान होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मॉडर्न इन्सुलेटर्सच्या प्रकरणात म्हटले, की विमाधारकाला न कळवलेल्या वगळणाऱ्या अटीचा आधार कंपनीला घेता येणार नाही. २०२२ मध्ये टेक्स्को मार्केटिंगच्या निकालात तेच तत्त्व आणखी ठामपणे आले. ही प्रकरणे व्यापारी विम्याची होती आणि ती जशीच्या तशी शासकीय योजनेला लागू होतील, असा दावा इथे नाही. पण कारखानदार आणि दुकानदार यांना न कळवता त्यांचे संरक्षण कमी करता येत नसेल, तर तीन एकरवाल्याच्या बाबतीत वेगळा न्याय का, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरी हरकत व्यवहारी आहे: पुरवण्यांचाच गैरवापर होत होता. मोबाइलवरून नुकसान कळवायचे, पाहणीला येणाऱ्याशी जुळवून टक्केवारी वाढवून घ्यायची, असे प्रकार झाले, हे खोटे नाही. प्रत्येक शेताचा पंचनामा महाग असतो, हे कापसाच्या त्या पहिल्या प्रयोगानेच दाखवले होते. पण ज्या घोटाळ्याच्या निमित्ताने २०२५ चे बदल झाले त्याचे स्वरूप पाहा. तो नोंदणीतला घोटाळा होता: नसलेली जमीन, नसलेले पीक, दुसऱ्याचे नाव. त्याच्यावरचा नेमका उपाय, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणीची सक्ती, हाही त्याच वर्षी आला आणि तो योग्यच आहे. दार बंद करायला कुलूप लावले, मग खिडक्याही बुजवण्याचे कारण काय? पाहणीतला भ्रष्टाचार थांबवायचा, तर छायाचित्रांची अक्षांश-रेखांशासह नोंद, उपग्रहाचे निरीक्षण आणि पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात, हे मार्ग आहेत. उत्पादन ठरवताना उपग्रहाधारित अंदाजाला भारांकन देणे आता सुरूच आहे. तेच तंत्र कोणत्या शेतात पाणी साचले हे सांगायला अधिक सोपे पडावे.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. पुरवण्या स्वस्त नसतात. त्या ठेवल्या तर हप्ता दर वाढतो, केंद्राच्या मर्यादेपलीकडचा भार राज्यावर येतो, आणि तोच पैसा कदाचित सिंचनाला वा थेट मदतीला अधिक उपयोगी पडेल. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि सरकारने तो प्रामाणिकपणे मांडावा. प्रत्येक पुरवणीची स्वतंत्र किंमत जाहीर करावी, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला आयएमटी २३ घेऊ की नको हे ठरवता येते तसे मंडळाला आणि गावालाही ठरवता येईल. इथे अडचण आहे, हे नाकारता येत नाही. निवड एकेका शेतकऱ्यावर सोडली, तर पाणी साचण्याचे संरक्षण फक्त नदीकाठचे घेतील, हप्ता भडकेल आणि १९७२-७८ ची चूक पुन्हा होईल. म्हणून निवड मंडळाच्या पातळीवर व्हावी, ग्रामसभांचे मत घेऊन, आणि एकदा ठरली की किमान तीन हंगाम टिकावी. गोदाकाठच्या मंडळाला पाणी साचण्याची पुरवणी हवी असेल, आष्टी-पाटोद्याच्या माळाला अग्रिमाची. एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या पॉलिसी असायला हरकत काय? २०२० मध्ये एका जिल्ह्यासाठी राज्याने अटी बदलल्याच होत्या, तेव्हा कंपनीच्या गरजेसाठी.

एक उत्तर असेही मिळते, की शेतकरी वाचत नाही, कागद वाटून उपयोग काय. सातबारा, आठ-अ, फेरफार, कर्जाचा बोजा, कारखान्याची ऊसबिलाची स्लिप हे सगळे बीडचा शेतकरी वाचतो. स्वतःला येत नसेल तर मुलाकडून, पुतण्याकडून वाचून घेतो. ज्या कागदाने त्याचे काही ठरते तो कागद त्याने कधीच टाळलेला नाही. केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये ‘मेरी पॉलिसी मेरे हाथ’ ही मोहीम काढली, म्हणजे कागद हातात असावा हे तत्त्व मान्य आहे. उणीव अशी, की पॉलिसीत आज काय आहे हे कागदावर सांगितले, तरी मागच्या वर्षी होते त्यातले काय गेले हे कुठे लिहिलेले नसते. जोडपत्राचे काम नेमके हेच असते. आरोग्यविम्यात १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना ग्राहकाला सोप्या भाषेतले माहितीपत्रक द्यावे लागते, मागितल्यास त्याच्या भाषेत. पीकविम्यात याहून सोपे करता येईल: एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. गेल्या हंगामात कोणत्या जोखमी होत्या, या हंगामात कोणत्या आहेत, कोणत्या काढल्या, तुमचा हप्ता किती होता आणि आता किती आहे. तुमच्या मंडळाचे उंबरठा उत्पादन अमुक किलो. नुकसान कळवायचे असेल तर कुठे, किती वेळात. कळवून उपयोग नसेल तर तेही स्पष्ट. हे पान अर्ज भरण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे, सेवा केंद्रात पावतीबरोबर मिळावे आणि त्याखाली फेरफारासारखा क्रमांक व तारीख असावी.

कधी कधी बदल इतका खोल असतो, की विम्याचा विमाच राहत नाही. परळीचे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणारी शेतकरी अपघात विमा योजना कंपन्यांच्या दावे नाकारण्याला कंटाळून राज्याने २०२३ मध्ये सानुग्रह अनुदान योजना केली. आता तिथे कंपनी नाही, पॉलिसी नाही, सरकार थेट २ लाख रुपयांपर्यंत देते. तो बदल शेतकऱ्याच्या बाजूचा होता आणि योजनेच्या नावातच दिसला, म्हणून त्यावर गैरसमज झाला नाही.

पुढचा बदल दारात उभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले, की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान ही पाचवी पुरवणी म्हणून योजनेत येईल आणि भात पाण्याखाली जाण्याचे संरक्षण पुन्हा सुरू होईल. रानडुकरांनी आणि रोह्यांनी उभी पिके तुडवल्याच्या तक्रारी बीडमध्ये वर्षानुवर्षे आहेत. काही गावांत लोक रात्ररात्र राखण करतात. नुकसान ७२ तासांत मोबाइल अॅपवर छायाचित्रासह कळवायचे आहे, आणि ही पुरवणी लागू होण्यासाठी राज्याने प्राणी व जिल्हे अधिसूचित करायचे आहेत. म्हणजे पेरणीच्या तोंडावर बीडच्या शेतकऱ्यापुढे तीन प्रश्न असतील: आपला जिल्हा त्या यादीत आहे का, रोही त्यात आहे का, आणि २०२५ मध्ये काढलेल्या चार पुरवण्यांपैकी एखादी परत आली का. त्यांची उत्तरे जुलैअखेर अर्जाची मुदत संपण्याआधी, त्याच्याच गावच्या फलकावर, मराठीत लागलेली असली पाहिजेत.